तुमच्या देशात उपलब्ध नाही

"हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही," असं टॅबवर इंग्रजीत आलं, तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. मी परत दाबलं. परत तेच. मालिका मराठी, बघणारी मी मराठी, आणि हा टॅब मला माझा देश शिकवतोय! आम्ही जुन्या टीव्हीला मारायचो तशा त्याच्या पाठीवर दोन थपडा मारल्या. काही फरक पडला नाही.

हे घरात नव्हते. हे म्हणजे माझे मिस्टर, सुकुमार मगदूम. साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि त्याच वर्षी निवृत्त झाले होते. करोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुपारी ते पाय मोकळे करायला बाहेर पडायचे. टॅब त्यांचा. ते गेले की मालिकेपुरता तो माझा.

तेवढ्यात टॅबवर वरून एक पट्टी सरकत आली. ह्यांच्या ईमेलची. मी सहसा वाचत नाही, म्हणजे वाचते, पण उघडत नाही. ही उघडली. 'तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून प्रवेश झाला आहे. ठिकाण: नेदरलँड्स. हे तुम्हीच होतात का?'

शेंगांची टोपली माझ्या मांडीवरून खाली गेली.

जगातला दुसरा कुठलाही देश असता तर मी म्हटलं असतं, असेल काहीतरी कॉम्प्युटरचं. पण नेदरलँड्समध्ये यामिनी देवधर राहत होती.

ही कोण ते सांगते. मला बघायला आले तेव्हा आमच्याकडे बिनकांद्याचे पोहे केले होते. आम्ही जैन, आमच्यात कांदा नाही, त्यामुळे आमच्या बघण्याच्या कार्यक्रमाला तसा फारसा वासही नसतो. मोठ्या माणसांनी आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं आणि तिथं ह्यांनी पहिलंच वाक्य काय बोलावं? "कॉलेजात एक मुलगी होती. आम्ही एकांकिकेत काम करायचो. दोन्ही घरांनी नको म्हटलं. आता काही नाही. पण तुम्हाला माहीत असावं." मला माणूस एकदम आवडला. एवढं खरं कोण बोलतं? त्या वाक्यावर मी होकार दिला आणि त्याच वाक्यावरून पुढं जन्मभर त्यांना टोचलं.

यामिनी लग्न करून नेदरलँड्सला गेली. एवढं मला ह्यांच्या मित्रांकडून कळलं होतं. ह्यांच्याकडून तिचं नावही कधी आलं नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. जे विसरलेलं असतं त्याचं नाव माणूस सहज घेतो. कपाटात त्यांचा एक जुना फोटो होता, एकांकिकेला बक्षीस मिळालं तेव्हाचा. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, हे ट्रॉफीकडे बघताहेत. ट्रॉफी कुणाच्या हातात होती ते सांगायला नको.

तर मी शेंगा गोळा करता करता सगळं जुळवलं. ह्यांचं खातं नेदरलँड्समध्ये उघडलं गेलंय. तिकडं उघडलं म्हणून इकडं बंद झालं, म्हणून माझी मालिका लागत नाही. खातं उघडायला पासवर्ड लागतो. म्हणजे पासवर्ड तिच्याकडे आहे. ह्यांनी दिल्याशिवाय कसा असेल?

मला तो पासवर्ड माहीत नव्हता. इतक्या वर्षांत मी मागितला नव्हता, त्यांनी दिला नव्हता. मला जास्त लागलं ते हेच.

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. सहाच्या सुमारास ताटं वाढली. ह्यांना शेंगांची आमटी आवडते, म्हणून मुद्दाम केली. चोर सापडायचा असेल तर तो खुशीत असावा.

"अहो, नेदरलँड्समध्ये आत्ता किती वाजले असतील?"

ह्यांचा घास हातात राहिला. "अडीच. दुपारचे."

हिशेब नाही, बोटांवर मोजणं नाही, घड्याळाकडे बघणं नाही.

"बरं पाठ आहे हो तुम्हाला."

"सामान्य ज्ञान आहे ते."

"मग ब्राझीलमध्ये किती वाजले?"

"ब्राझीलचं काय मधेच?"

"सामान्य ज्ञान आहे म्हणालात म्हणून."

ह्यांनी खाली मान घालून आमटी ओरपली. मी आणखी वाढली. मग म्हटलं, "टॅबवर माझी मालिका लागत नाही आजकाल. आपल्या देशात नाही म्हणतो."

आता मात्र त्यांचा चेहरा पडला. "तू कुठं काही दाबलंस का त्यात?"

"काय दाबायचं नव्हतं?"

"काही नाही गं. बघतो मी."

ते हात धुऊन टॅब घेऊन आतल्या खोलीत गेले. माझ्यासमोर नाही, आत. थोड्या वेळानं बाहेर येऊन टॅब माझ्यापुढं ठेवला. मालिका लागली होती. नायिका रडत होती. मला तिच्याबद्दल काही वाटलं नाही.

"काय केलंत?"

"काही नाही. अडकलं होतं जरा."

ह्यांना खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना कानाच्या पाळीला हात जातो. तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी मुजावरभाभींकडे गेले. शमीमभाभी आणि मी बारा महिने एकमेकींच्या स्वयंपाकघरात. त्या घरी गणिताच्या शिकवण्या घेतात. आमच्या दोन घरांत भिंतही एक आणि इंटरनेटही एक. डबा त्यांच्या हॉलमध्ये, निम्मं बिल आमचं, आणि भिंतीतून इकडं सगळं व्यवस्थित येतं. दोन कनेक्शनं कशाला घ्यायची, असं आम्ही दोघींनी परस्पर ठरवलं होतं. नवऱ्यांना नंतर सांगितलं.

भाभी पीठ मळत होत्या. मी सगळं सांगितलं.

"तर मग विचार की सरळ त्यांना. तोंड शिवलंय काय तुझं?"

"विचारलं तर खोटं बोलतील."

"कोण, मगदूमसाहेब? त्यांना खोटं बोलता आलं असतं तर कारखान्यात कुठल्या कुठं गेले असते."

"मग कालपासून माझ्याकडं बघत का नाहीत? भाभी, त्यांना तिकडची वेळ पाठ आहे हो."

भाभींचा हात जरा थांबला. मग परत पीठ मळायला लागल्या. "हे बघ त्रिशला, भांडायचं तर नवऱ्याशी भांड. ती बाई तिकडं सुखात असेल. तिला कशाला दारात बोलवतीस?"

मी मान हलवली. भाभी शहाण्या आहेत, त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पटलं म्हणून माणूस तसं वागतो असं थोडंच आहे?

घरी आले आणि माझ्या फोनवर यामिनीला शोधलं. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात सापडली. आडनाव बदललेलं, पण कंसात देवधर होतं. एका कालव्याच्या कठड्याला टेकून उभी. केस सगळे पांढरे, आखूड कापलेले, न रंगवलेले. मी दर महिन्याला मेंदी लावून दोन तास डोक्याला पिशवी बांधून बसते. आणि ही बया पांढऱ्या केसांत छान दिसत होती! मला आणखी एक कारण मिळालं.

मी लिहिलं, 'नमस्कार. मी सुकुमार मगदूम यांची पत्नी त्रिशला. त्यांचं खातं तुम्ही तिकडं उघडता हे मला समजलेलं आहे. पासवर्ड त्यांनी दिला असेल, तरी घर माझं पण आहे. यापुढं उघडू नये. त्यांना यातलं काही सांगू नये, मी सांगेन.' शेवटी 'कळावे' लिहिलं, मग खोडलं. तिला कळावं कशाला? पाठवून दिलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. एकही गोल झाली नाही.

ह्यांनी जेवताना विचारलं, "तब्येत बरी नाही का?"

"माझ्या तब्येतीची चौकशी इथूनच करताय ना?"

"म्हणजे?"

"काही नाही. ताक घ्या."

उत्तर सकाळी आलं. हे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते. मी देवापुढं दिवा लावून बसले होते आणि फोन वाजला. देवाची क्षमा मागून उघडला.

'त्रिशलाताई, तुमचा निरोप दोनदा वाचला. मला आधी कळेचना की सुकुमार मगदूम कोण. आडनाव आठवत नव्हतं. मग एकांकिका आठवली. आम्ही कॉलेजनंतर एकदाही बोललेलो नाही. तुमच्या खात्यात भलतंच कुणीतरी शिरलं असेल, ताबडतोब पासवर्ड बदला आणि बँकेत विचारा. हल्ली असं फार होतं. त्यांना माझा नमस्कार सांगा. यामिनी.'

एक क्षण मला इतकं हलकं वाटलं की मी देवाला परत नमस्कार केला. आणि मग, हात जोडलेले असतानाच, संताप आला. आडनाव आठवेना? माझ्या नवऱ्याचं? इतकी वर्षं या बाईला मी माझ्या घरात जागा दिली. ह्यांनी कधी नुसतं खिडकीबाहेर बघितलं तरी मला ती दिसायची. लेकीच्या बारशाला हे उगाच गप्प होते, तर मी आठवडाभर अबोला धरला होता. आणि हिला आडनाव आठवेना! मी हातातल्या फोनकडं असं बघत होते की समोर असती तर झिंज्या उपटल्या असत्या. आखूड होत्या तरी.

मग तिच्या निरोपाचा दुसरा भाग डोक्यात शिरला. भलतंच कुणीतरी. बँक.

हे दारात चपला काढत होते. कपाळाला गंध, हातात प्रसादाची पुडी.

"अहो, आपलं खातं फुटलंय! बँकेला फोन लावा!"

"काय झालं?"

"तुमच्या मेलवर आलंय. परवा. कुणीतरी नेदरलँड्समधून शिरलंय. मी बघितलं."

ह्यांनी पुडी टेबलावर ठेवली, खुर्चीवर बसले आणि चक्क हसले. "ते होय! मी म्हटलं काय झालं. अगं, तो मीच."

"तुम्ही? तुम्ही परवा मिरजेला गेला होतात."

"बस, सांगतो. पण हळू बोल." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. पलीकडून भाभींच्या मिक्सरचा आवाज येत होता. "व्हीपीएन म्हणतात त्याला. आपण इथूनच बँक उघडतो, पण ते सगळं एका बंद नळीतून जातं. ती नळी दुसऱ्या देशात जाऊन उघडते. मधल्या कुणालाही आतलं काही दिसत नाही. फक्त पलीकडच्यांना वाटतं की आपण त्या देशातूनच आलोय. म्हणून तो मेल आला. म्हणून तुझी मालिका लागली नाही. मिरजेला जायच्या आधी बँक बघितली आणि ते बंद करायला विसरलो."

"मधलं कोण पण?"

त्यांनी परत भिंतीकडं बोट केलं.

"भाभी?"

"भाभी नाहीत गं! पण त्यांच्या शिकवणीला येणाऱ्या सगळ्या पोरांकडं तो वायफायचा पासवर्ड आहे. त्यांच्या भावांकडं आहे, खालच्या वॉचमनकडं आहे. प्रज्ञानं मला झापलं फोनवर. म्हणाली, पप्पा, अख्ख्या बिल्डिंगच्या वायफायवर तुम्ही पेन्शनचं खातं उघडता? तिनंच टाकायला लावलं."

प्रज्ञा आमची लेक, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं म्हणजे भाभींना सांगितलं. त्यांना वाटलं असतं, आमच्या इंटरनेटवर ह्यांचा विश्वास नाही. तुमचं दोघींचं बिघडलं असतं."

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यात पाणी आलं. या माणसानं माझी मैत्रीण तुटू नये म्हणून लपवाछपवी केली होती आणि मी तिकडं काय लिहून बसले होते! ते मी सांगितलं नाही. प्रसादाची पुडी सोडली, एक खडीसाखर त्यांच्या तोंडात घातली आणि एक माझ्या.

"मला दाखवा तरी कसं असतं. मालिका बघायला बंद करता यायला पाहिजे मला."

ते खूश झाले. ह्यांना शिकवायला फार आवडतं. टॅब मधे ठेवून मला शेजारी बसवलं. "हे बघ, इथं दाबलं की चालू. इथं बंद. आणि इथं देश. हे फुकटातलं आहे, त्यामुळं तीनच देश देतात."

मी वाचलं. अमेरिका. जपान. नेदरलँड्स. नेदरलँड्सच्या पुढं हिरवी खूण होती.

"तो आपोआप घेतो का एखादा?"

"नाही नाही, आपण निवडायचा," असं ते शिकवायच्या भरात बोलले. आणि मग टॅबवरचं बोट मागं घेतलं.

पलीकडचा मिक्सर थांबला होता.

"अमेरिका का नाही घेतलं? पहिलं तेच आहे."

"लांबचा देश घेतला की हळू चालतं. प्रज्ञा म्हणाली."

"आणि जपान?"

त्यांचा हात कानाकडं गेला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला.

"नाव दिसलं," ते म्हणाले. "बोट गेलं तिकडं. मुद्दाम नाही, त्रिशला."

"आणि वेळ?"

"वेळ मला माहीत असते." ते टेबलाकडं बघत होते. "बोललो कधीच नाही. फोन नाही, पत्र नाही, काही नाही. तू म्हणशील ती शपथ घेतो. पण वेळ माहीत असते."

पासवर्डसाठी मी भांडायला तयार होते. दोन दिवस सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही इथं चालत नव्हतं. त्यांनी काही केलंच नव्हतं. मी अजून सांगते, मला त्या दिवशी जेवढा मत्सर वाटला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून वाटला नव्हता.

"बदला," मी म्हटलं.

"तू बदल. घे."

"मी नाही. तुम्ही बदला."

त्यांनी टॅब जवळ ओढला. बोट जपानवर नेलं. आणि तिथं, काचेच्या जरा वर, ते थांबलं. फार वेळ नाही. पण मी शेजारीच बसले होते, मी बघितलं. मग त्यांनी दाबलं. हिरवी खूण वर सरकली.

"झालं," ते म्हणाले.

माझा फोन माझ्या मांडीवर होता. तिचा निरोप त्यात उघडाच होता. वाचून दाखवला असता तर एका मिनिटात सगळं संपलं असतं. ज्या बाईच्या घड्याळावर तुम्ही जगताय, तिला तुमचं आडनाव आठवत नाही, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य अगदी ओठावर आलं होतं. त्यांना लागलं असतं, आणि लागावं असंच मला वाटत होतं.

मी तो निरोप पुसून टाकला, नमस्कारासकट. त्यांची दया आली म्हणून नाही. ते वाक्य कितीही वाईट असलं तरी तिनं लिहिलेलं होतं, आणि ह्यांनी ते जपून ठेवलं असतं.